विश्लेषण : मालदीवमधील स्कूबाची सुट्टी स्वस्त झाली; पण सोपी झाली का?

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली काढल्याचा व्हिडीओ आज असंख्य मराठी घरांतल्या मोबाइलमध्ये सापडेल. त्याच्या पुढची पायरी म्हणून अनेकांची नजर जाते ती मालदीवकडे. मुंबईहून थेट विमानाने अडीच-तीन तास, व्हिसा विमानतळावरच आणि तोही विनामूल्य, शिवाय रिसॉर्टऐवजी गेस्टहाऊस घेतले तर खर्चही आवाक्यात. त्यामुळे ‘पाच दिवस, सहा डाइव्ह’ असा बेत चटकन आखला जातो. पण स्कूबाच्या सुट्टीत हॉटेल आणि विमान ही सर्वात सोपी बाब असते. कोणत्या महिन्यात, कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूला, किती अनुभवावर आणि परतीच्या विमानाच्या किती तास आधी पाण्यात उतरायचे, हे प्रश्न बहुतेक पॅकेजमध्ये शेवटच्या पानावर असतात किंवा नसतातच.

मालदीव मध्यमवर्गाच्या आवाक्यात कसा आला?

मालदीवमधले पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये कुरुंबा बेटावर सुरू झाले. त्यानंतरची अनेक वर्षे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हेच धोरण होते. पर्यटक एका बेटावर आणि स्थानिक माणूस दुसऱ्या बेटावर. मोहम्मद नशीद अध्यक्ष असताना २००९ पासून लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस उघडण्यास परवानगी मिळाली आणि हे चित्र पालटले. माफुशी, धिगुरा, थोड्डू, रसधू ही नावे बजेट पर्यटकांच्या तोंडी आली. गेस्टहाऊसच्या मागोमाग छोटी डाइव्ह सेंटर्स आली आणि रिसॉर्टमधले पर्यटक जिथे डाइव्ह करत, त्याच प्रवाळभिंतींवर कितीतरी कमी पैशांत जाता येऊ लागले.

भारतीयांनी ही संधी उचलली. २०२३ मध्ये दोन लाख नऊ हजारांहून अधिक भारतीय मालदीवला गेले. त्या वर्षी पर्यटकांच्या संख्येत भारत पहिला होता. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी केलेल्या शेरेबाजीवरून वाद पेटला, समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली गेली आणि २०२४ अखेर हा आकडा सुमारे एक लाख ३० हजारांवर घसरला. पुढे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आले, तर जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापन दिनाला मोदी प्रमुख पाहुणे होते. राजनैतिक संबंध सावरले तसे सहलींच्या जाहिरातीही परतल्या.

खर्चाचे गणित कुठे चुकते?

बुकिंगच्या संकेतस्थळावर दिसणारा दर आणि शेवटी हाती पडणारे बिल यांत मालदीवमध्ये मोठी तफावत असते. पर्यटन क्षेत्रावरील वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवा शुल्क लागते आणि कर त्या शुल्कासकट एकूण रकमेवर आकारला जातो. याशिवाय ‘ग्रीन टॅक्स’. जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झाला. ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये दर माणशी दर रात्री सहा डॉलर, तर रिसॉर्ट, मोठी हॉटेले आणि सफारी बोटींवर १२ डॉलर.

उदाहरण घेऊ. खोलीचा दर ८० डॉलर आहे. सेवा शुल्कासह ८८, करासह १०३, दोन माणसांचा ग्रीन टॅक्स धरून ११५. म्हणजे ८० डॉलरची खोली ११५ ला पडली. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर सहा रात्रींत हा ‘न दिसणारा’ खर्च जवळपास १९ हजार रुपये होतो. त्यात दोघांचे तीन-चार डाइव्ह बसले असते. डाइव्हच्या दरावरही हाच कर असल्यामुळे, दर करासह आहे की कराशिवाय, हा प्रश्न डाइव्ह सेंटरला पहिल्याच ईमेलमध्ये विचारावा. लोकवस्तीच्या बेटांवर एका डाइव्हला साधनांसह साधारण ५० ते ७५ डॉलर पडतात. रिसॉर्टमध्ये त्याहून बरेच जास्त. देश सोडतानाचा कर आणि विमानतळ विकास शुल्क डिसेंबर २०२४ पासून वाढले आहे. इकॉनॉमी वर्गाच्या परदेशी प्रवाशाला दोन्ही मिळून १०० डॉलर मोजावे लागतात, मात्र ते तिकिटातच धरलेले असल्याने वेगळे जाणवत नाहीत.

‘स्कूबा केलंय’ म्हणजे नेमके काय केलंय?

इथे खरी गोम आहे. मालवण, हॅवलॉक (स्वराज द्वीप) किंवा गोव्यात पर्यटक जे करतात त्याला ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो, जाकिटातली हवा तोच भरतो आणि सोडतो, पर्यटकाने फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे. अनुभव म्हणून तो सुरेख आहे, पण त्यातून डायव्हिंग येत नाही. असा डाइव्ह कितीही वेळा केला तरी त्याची गणना शून्यच. ही बाब कोणी स्पष्टपणे सांगत नाही, कारण सांगितली तर ग्राहक बिचकतो.

स्वतंत्रपणे, म्हणजे एका जोडीदारासोबत, पाण्यात उतरायचे तर किमान ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र लागते. हा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो : थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यावर १८ मीटर खोलीपर्यंत जाता येते. पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ प्रमाणपत्रावर ३० मीटर. मालदीवच्या कायद्यानेही हौशी डायव्हरसाठी ३० मीटर हीच कमाल मर्यादा आहे आणि वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबावे लागेल असा, म्हणजे डीकॉम्प्रेशनचा डाइव्ह करण्यास मनाई आहे.

या मर्यादा नोकरशाहीने उगाच घातलेल्या नाहीत, त्यामागे अकरावीच्या भौतिकशास्त्रातले साधे गणित आहे. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट. फुप्फुसे तितक्याच आकारमानाची हवा ओढतात, पण ती हवा आता चौपट दाट असते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १८०० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर ही हवा १० मीटरवर ४५ मिनिटे पुरेल आणि ३० मीटरवर जेमतेम २२ मिनिटे. नवखा माणूस शांत नसतोच. प्रवाहाविरुद्ध पाय मारू लागला की त्याचा वापर दुप्पट होतो आणि २२ ची ११ मिनिटे होतात. जोडीदारांपैकी एकाची हवा संपत आली की दोघांचाही डाइव्ह संपतो. ‘सहा डाइव्ह’चे पॅकेज घेताना प्रत्येक डाइव्ह किती मिनिटांचा होणार, हे असे ठरते.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम निघण्यापूर्वीच पूर्ण करणे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. अंदमान, पुद्दुचेरी आणि कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावरही अभ्यासक्रम होतात. थिअरी व तलावातला भाग आपल्या शहरात आणि समुद्रातले चार डाइव्ह मालदीवमध्ये, अशी विभागणीही करता येते. सुट्टीतले चार दिवस वर्गात घालवण्यापेक्षा ते बरे. अभ्यासक्रमापूर्वी वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही हवी. ‘सगळीकडे नाही लिहून टाका’ असा सल्ला देणारा एजंट भेटला, तर दुसरा एजंट शोधलेला चांगला.

मालदीवचे पाणी वेगळे का?

‘ॲटॉल’ हा शब्द इंग्रजीने घेतला तोच मुळी मालदीवच्या धिवेही भाषेतून. दक्षिणोत्तर सुमारे साडेआठशे किलोमीटर पसरलेल्या या देशात अशी २६ प्रवाळकंकणे आहेत आणि त्यांवर सुमारे १,२०० बेटे. प्रत्येक कंकणाच्या कडेला फटी आहेत, त्यांना ‘कांडू’ म्हणतात. भरती-ओहोटी आणि मोसमी वाऱ्यांनी ढकललेले हिंद महासागराचे पाणी या फटींतून आत-बाहेर करते. जिथे पाणी जोरात वाहते तिथे अन्न येते, अन्नामागे लहान मासे, लहान माशांमागे मोठे आणि त्यांच्यामागे शार्क, म्हणजे कोकणातल्या भाषेत मुशी. मालदीवचे गाजलेले डाइव्ह नेमके या तोंडांवर आहेत. म्हणजे जे पाहायला माणूस जातो आणि जे त्याला धोक्यात घालू शकते, ती एकच गोष्ट आहे : प्रवाह.

कांडूच्या डाइव्हमध्ये बोटीवरून उडी मारताच थेट खाली जावे लागते. रेंगाळले तर प्रवाह जागेवरून पुढे नेतो. काही ठिकाणी मृत खडकाला आकडा अडकवून पतंगासारखे तरंगत राहायचे असते. डाइव्ह संपतो तो सुरू झाला त्या जागेपासून बऱ्याच अंतरावर. तिथे डायव्हरने पाण्याखालूनच फुगवून वर सोडलेला नारंगी फुगा पाहून ‘धोनी’ त्याला उचलायला येते. (नावाने कोकणातल्या डोणीशी नाते सांगणारी ही मालदीवची पारंपरिक बोट.) हा फुगा सोबत नसेल किंवा फुगवता येत नसेल, तर लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर-दोनशे मीटरवरूनही दिसत नाही.

चार डाइव्हच्या अनुभवावर अशा तोंडांवर जाण्याची घाई करू नये. मालदीवमध्ये सोप्या जागाही भरपूर आहेत. कंकणाच्या आतले ‘थिला’ (पाण्याखालची टेकडी), घरालगतची प्रवाळभिंत, बुडालेली जहाजे. चांगले डाइव्ह सेंटर पहिल्या दिवशी उथळ जागी ‘चेक डाइव्ह’ घेते. प्रमाणपत्र न पाहता, शेवटचा डाइव्ह कधी केला हे न विचारता थेट शार्कच्या जागी नेण्याचे आश्वासन देणारे सेंटर स्वस्त असले तरी टाळावे. बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आहे का, एका मार्गदर्शकामागे किती माणसे, हेही विचारावे. अपघात पाण्याखालीच होतात असेही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता.

हंगाम कोणता आणि बाजू कोणती?

‘डिसेंबर ते एप्रिल उत्तम’ हे सर्वच सांगतात आणि ते अर्धेच खरे आहे. या काळात ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश निरभ्र आणि समुद्र शांत. पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे स्वच्छ, दूरवर दिसणारे पाणी आणि शार्क कंकणांच्या पूर्व बाजूला मिळतात. प्लवकांनी गढुळलेले पाणी पश्चिमेला साठते आणि ते खायला येणारे मांटा रे, म्हणजे पाकट कुळातले महाकाय मासे, तिकडे दिसतात. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नैर्ऋत्य मोसमी काळात हे सारे उलटे होते. दर उतरतात, पाऊस असतो, समुद्र खवळलेला असू शकतो; पण मांटा पाहायचे तर हाच काळ. बा कंकणातल्या हनिफारू उपसागरात या काळात मांटांचे थवेच्या थवे जमतात. २०११ पासून हे कंकण युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. मात्र हनिफारूमध्ये स्कूबाला बंदी असून फक्त स्नॉर्केलिंग करता येते. ‘हनिफारू स्कूबा’ असे पॅकेज कोणी विकत असेल तर त्याची माहिती तरी कच्ची आहे किंवा हेतू तरी.

व्हेल शार्कसाठी दक्षिण अरी कंकण, तेही बारमाही. धिगुरावर मुक्काम केला तर ते अगदी शेजारी. टायगर शार्कसाठी मात्र थेट विषुववृत्तापलीकडे फुवामुला. हे एकाच बेटाचे कंकण आहे. बंदराच्या तोंडाशी टाकल्या जाणाऱ्या माशांच्या अवशेषांमुळे तिथे वर्षभर हे शार्क येतात. अनुभवी डायव्हरसाठी ती पर्वणी, पण पहिल्या सहलीत तिचा समावेश नसावा.

परतीचे विमान आधी का पाहायचे?

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरेसा बाहेर पडण्याआधी विमानात बसले, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडल्यासारखे. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही संभवते. त्यामुळे एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान टाळावे, असा संकेत आहे. अनेक सेंटर्स सरसकट २४ तास सांगतात.

मालदीवमध्ये यात एक जास्तीची गाठ आहे. फुवामुलाहून मालेला येणारे देशांतर्गत विमान किंवा रिसॉर्टहून येणारे सीप्लेन हेही विमानच. घड्याळ त्या उड्डाणापासून मागे मोजायचे, मुंबईच्या विमानापासून नव्हे. सकाळी आठचे सीप्लेन असेल तर आदल्या दिवशीचा दुपारचा डाइव्ह गेला. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे संध्याकाळी मालेत उतरणाऱ्याची पहिली रात्र हुलहुमालेत जाते. म्हणजे पाच दिवसांच्या सुट्टीत डाइव्हचे दिवस प्रत्यक्षात तीन. शेवटचा दिवस कोरडा धरून, त्यात सँडबँक, गावातली फेरी आणि ओल्या कपड्यांची वाळवण बसवणे शहाणपणाचे. स्पीडबोटीने पोहोचता येईल असे बेट निवडले तर हिशेब बराच सुटसुटीत होतो. सरकारी फेरीबोट सर्वात स्वस्त, पण शुक्रवारी बहुतांश फेऱ्या बंद असतात.

दुर्दैवाने बुडबुड्यांचा आजार झालाच, तर उपचार दाबकक्षात होतात. असे कक्ष बंदोस, कुरामाथी अशा मोजक्या बेटांवर आहेत. दूरच्या बेटावरून तिथे पोहोचणे आणि उपचार हा खर्च लाखांत जातो. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात किंवा विशिष्ट खोलीपर्यंतच धरलेले असतात. त्यामुळे पॉलिसीतील ‘काय समाविष्ट नाही’ हे पान वाचावे आणि गरज असल्यास डायव्हिंगचा स्वतंत्र विमा घ्यावा. दोन डाइव्हच्या पैशांत तो येतो.

कागदपत्रे आणि गावाचे नियम?

पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि निवासाचे बुकिंग दाखवल्यावर व्हिसा मिळतो. प्रवासाच्या ९६ तास आधीपासून ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायची असते. तीही विनामूल्य. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. सामानात मद्य, डुकराचे मांस, ई-सिगारेट नेता येत नाही. पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे, हे अनेक मराठी कुटुंबांना विमानतळावर कळते. लोकवस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे आखूड कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ऐन हंगामात येतो. गेस्टहाऊस पर्यटकांना जेवण देतात, पण गावातले उपाहारगृह दिवसा बंद असू शकते.

प्रवाळ कितपत शिल्लक आहेत?

रंगीबेरंगी प्रवाळबागेचे जे छायाचित्र पाहून बेत आखला जातो, ते बहुधा जुने असते. १९९८ च्या एल निनोमध्ये मालदीवचे उथळ पाण्यातले बहुतांश प्रवाळ मेले. कुठे कुठे ते सावरत असताना २०१६ मध्ये पुन्हा लाट आली आणि पाहणी झालेल्या भागात सुमारे ६० टक्के प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली, त्यातही मालदीव सुटले नाही. पाणी तापले की प्रवाळ आपल्या आत राहणाऱ्या शैवालांना बाहेर टाकतात. रंग आणि अन्न दोन्ही त्या शैवालांचे. तापमान लवकर उतरले तर शैवाल परततात, नाहीतर सांगाडा उरतो. सावरायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि दोन लाटांमधले अंतर आता तेवढे राहिलेले नाही. त्यामुळे मालदीवला डायव्हर जातात ते आज मुख्यतः मोठ्या माशांसाठी, आणि उथळ पाण्यात भुरे सांगाडे पाहण्याची तयारी ठेवून.

या माशांचेही भवितव्य निर्धोक नाही. मालदीवने २०१० मध्ये आपल्या सागरी हद्दीत शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली आणि त्याचे फळ आज प्रत्येक डाइव्हमध्ये दिसते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने खोल समुद्रातील गल्पर शार्कची मासेमारी पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. मच्छीमारांना उत्पन्न हवे, तर संवर्धकांना भीती की एकदा दार किलकिले झाले की ते तेवढेच राहणार नाही. दुसरीकडे घरे, बंदरे आणि हॉटेलांसाठी समुद्रात भराव टाकणे सुरूच आहे. दक्षिणेतल्या अड्डू कंकणात, जे स्वतः युनेस्कोचे राखीव क्षेत्र आहे, असा मोठा भराव भारताच्या कर्जसाहाय्याने झाला. त्याखाली प्रवाळ आणि समुद्री गवत गाडले जाईल, असा इशारा अभ्यासकांनी आधीच दिला होता. अड्डूतील रहिवाशांना जमीन हवी होती, हेही तितकेच खरे.

पर्यटकाच्या हाती यातले थोडेच आहे. तरंगण्यावर ताबा नसलेला डायव्हर पायातल्या फिनच्या एका फटक्यात वर्षानुवर्षे वाढलेली प्रवाळाची फांदी मोडतो, आणि दिवसाला चाळीस माणसे उतरणाऱ्या जागेवर हे फटके मोजण्याजोगे असतात. व्हेल शार्क दिसला की एकाच वेळी आठ-दहा बोटी त्याच्याभोवती जमतात. दक्षिण अरीचा हा पट्टा २००९ पासून संरक्षित आहे, स्पर्शाला मनाई आहे, पण व्हिडीओच्या नादात ती पाळली जात नाही. बोट निवडताना ‘आम्ही गर्दीत थांबत नाही, दुसरीकडे जातो’ असे सांगणारा नाखवा मिळाला, तर त्या दिवशी कदाचित शार्क दिसणार नाही. पैसे मात्र त्यालाच द्यावेत.